खळ्यावरून उडालेली विमाने

गेल्या पौषात आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप गटावर एक फोटो आला. टोरांटोच्या उत्तरेला सिमको नावाचे मोठे सरोवर आहे. ते हिवाळ्यात गोठते आणि त्याच्यावर माणसे चालतात, गाड्या चालवतात, भोके पाडून मासे धरतात. त्या गोठलेल्या पाण्यावर आमच्या चुलतभावाचा नातू उभा. अंगावर गोधडीएवढा जाड कोट, हातात रेडिओचा डबा आणि पायाशी हातभर लांबीचे तांबडे विमान. विमानाला चाके नव्हती. चाकांच्या जागी दोन लाकडी पट्ट्या होत्या, टोकाला वर वळलेल्या, चपलेच्या नाकासारख्या. खाली पोराने लिहिले होते, ‘आजोबा, तुमच्याकडे हे जमेल का?’

आमच्याकडे म्हणजे बेळगाव-निपाणीकडे. आमच्याकडे बर्फ पडतो तो वळवाच्या गारांचा, एप्रिल-मे महिन्यांत, आणि तो परातीत गोळा करून होईपर्यंत वितळतो. पोराला आम्ही लगेच काही उत्तर दिले नाही. पण नंतर दोन-तीन जुने सवंगडी कट्ट्यावर बसलो असताना विषय निघाला आणि लक्षात आले, की जमेल का म्हणून काय विचारतोस बाबा, जमले होते! बर्फावरून नाही, खळ्यावरून. मंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदा काय लिहायचे हा प्रश्न तिथेच सुटला.

त्या लाकडी पट्ट्यांचे कारण आधी सांगायला हवे. भुसभुशीत बर्फात छोटे चाक रुतते, विमान नाकावर आपटते आणि पंखा मोडतो. पट्टी मात्र वजन पसरून देते आणि विमान घसरत जाऊन उडते. बर्फाळ देशांतल्या हौशी लोकांना हिवाळा म्हणूनच आवडतो. झाडाझुडपांचा, कुंपणाचा अडथळा नसलेली मैलभर सपाट धावपट्टी त्यांना देवाने फुकट दिलेली असते. आमच्याकडे ती देवाने दिली नाही, शेतकऱ्याने दिली. भाताची कापणी झाली की शिवारात खळे तयार होई. जमीन ठोकून, पाणी मारून, शेणाने सारवून ती अशी टणक करत, की तिच्यावर सुपारी टाकली तरी उसळावी. मळणी उरकून धान्य घरी गेले की ते खळे काही दिवस रिकामे पडे. तेच आमचे सिमको सरोवर. मळणीयंत्रे आली, खळी गेली, आणि आता नव्या पोरांना खळे म्हणजे काय हेच सांगावे लागते, ती गोष्ट वेगळी.

आमच्या भागातल्या पोरांना विमानाचे वेड का लागावे, याचे उत्तर नकाशातच आहे. निपाणीच्या वरच्या अंगाला कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ आणि खालच्या अंगाला बेळगावचा सांबऱ्याचा. पहिला 1939 मध्ये छत्रपती राजाराम महाराजांनी संस्थानच्या हौसेने आणि दूरदृष्टीने करविला. दुसरा 1942 मध्ये ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने महायुद्धाच्या निकडीने बांधला. तीन वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन धावपट्ट्यांच्या मधल्या पट्ट्यात आपली गावे आहेत. एक धावपट्टी राजाने केली, दुसरी लढाईने. रेल्वे अनेक तालुक्यांच्या गावांना आजही नीट पोचलेली नाही. निपाणीसारख्या व्यापारी पेठेलाही रेल्वे नाही, पण डोक्यावरून विमान मात्र आमच्या आजोबांनी जवानीतच पाहिले होते.

युद्धकाळात बेळगाव म्हणजे अर्धी छावणीच होती. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र इथे 1922 पासून होतेच. त्यात अधिकाऱ्यांना तयार करणारी शाळा आली आणि सांबऱ्याच्या माळावर विमानेही उतरू लागली. वडीलधारी सांगत, की पहिले-पहिले विमान आले की बैलगाड्या थांबत, बैल बुजत आणि गाडीवान बैलांच्या आधी स्वतःच खाली उतरून बघत राहत. यात अतिशयोक्ती किती आणि खरे किती, ते आम्ही कधी विचारले नाही.

आता मोठ्या विमानापासून लहान विमानाकडे येऊ. वास्तविक इतिहासाचा क्रम उलटा आहे, लहान विमान आधी आणि मोठे नंतर. 1871 साली पॅरिसच्या बागेत आल्फोन्स पेनो नावाच्या तरुणाने पिळलेल्या रबराच्या जोरावर फिरणारा पंखा लावून हातभर लांबीचे विमान उडवले. ते अकरा सेकंदांत सुमारे चाळीस मीटर गेले. याच पेनोच्या पद्धतीचे रबरावर उडणारे खेळणे 1878 च्या सुमारास अमेरिकेत एका पाद्र्याने आपल्या दोन मुलांना आणून दिले. त्या मुलांची नावे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. खेळण्याने पुढे काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. म्हणून कोणी पोराला ‘खेळणी उडवत बसलायस’ म्हणून हटकले, की आम्हाला हा पाद्री आठवतो.

इथे एका नावाचा उल्लेख टाळता येत नाही, कारण स्मरणिका चाळणाऱ्यांपैकी निम्मे वाचक ते नाव मनात घेऊनच बसले असतील. शिवकर बापूजी तळपदे. मुंबईच्या चिराबाजारातला, जे. जे. कलाशाळेशी संबंध असलेला हा गृहस्थ. त्यांनी 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर माणूस न बसवता विमान उडवले, ते पंधराशे फूट गेले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. आम्हीही ती अभिमानाने सांगितलेली आहे. एकदा तर शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत सांगून बक्षीसही घेतले. पण वय वाढले तसे विचारावे लागले, की त्या दिवशीचा पुरावा कुठे आहे? उड्डाणाचे मोजमाप, यंत्राचा आराखडा, शिल्लक राहिलेला एखादा भाग, काहीच हाती लागत नाही. ज्या वैमानिक शास्त्राचा यात हवाला दिला जातो, त्याचा संबंध आपल्या कर्नाटकाशीच आहे. आनेकलच्या सुब्बराय शास्त्रींनी ते सांगितले आणि दुसऱ्यांनी उतरवून घेतले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी 1974 मध्ये तो ग्रंथ तपासला. ग्रंथ विसाव्या शतकाच्या आधीचा नाही आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तळपद्यांच्या जिज्ञासेला आमचा नमस्कार आहेच. पारतंत्र्यात, पैसा नसताना, सुधारकी ध्यास घेऊन यंत्राशी झटणारा माणूस लहान नसतो. पण जे सिद्ध नाही ते मुलांना सिद्ध म्हणून सांगू नये, असे आमचे मत झाले आहे, आणि त्यावरून घरात एकदा वादही झाला. आमच्या पोरांनी खळ्यावरून उडवलेले विमान वीस फूट गेले असेल, पण ते गेले होते. बघायला चारजण होते.

आमचे पहिले विमान रबराचे होते. रबर म्हणजे सायकलच्या ट्यूबमधून कापलेल्या पट्ट्या. खरे विमान-रबर मिळत नव्हते. ट्यूबच्या रबरात दम नसतो, पीळ बसतो पण जोर टिकत नाही. पंखांना बाल्सा नावाचे लाकूड लागते. ते इक्वेडोरमध्ये होते आणि इतके हलके असते, की हातात घेतल्यावर आपण काही घेतले आहे असे वाटत नाही. आमच्याकडे बाल्सा कुठून येणार? बाशिंगे करणाऱ्या कारागिराकडे भेंड असते, पांढरेशुभ्र, शेवेसारखे हलके. त्याच्याकडून उरलेसुरले तुकडे आणून आम्ही नाक आणि शेपूट केली. पंखाला बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद. खळ चिकटवायला घरचीच. आकाशकंदील करता येणाऱ्या कोणालाही विमान करता येते, एवढे आम्ही खात्रीने सांगतो. फक्त कंदील लटकायचा असतो आणि विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शावर यावा लागतो. हे कळायला आमची दोन वर्षे गेली.

नंतर इंजिन आले. कोलकात्याच्या इंडियाज हॉबी सेंटरकडून टपालाने सामान मागवणाऱ्यांची एक छोटीशी जमात त्या काळी देशभर पसरलेली होती आणि आमच्यातला एकजण त्यात सामील झाला. पाकीट नव्हे, पेटी आली, ती सगळ्या वाड्याने मिळून उघडली. अंगठ्याएवढे डिझेल इंजिन. त्याला ठिणगी लागत नाही. डोक्यावरचा स्क्रू पिळून दाब वाढवायचा आणि बोटाने पंखा फिरवायचा, मग ते पेट घेते. त्याचे इंधन तीन वस्तूंचे, जवळपास सारख्या भागांत: रॉकेल, ईथर आणि एरंडेल. रॉकेल रेशनचे, त्यामुळे आईचा विरोध. ईथरसाठी ओळखीच्या कंपाउंडरची मनधरणी. एरंडेल मात्र घरात असायचेच. ते पोटात जायच्या ऐवजी इंजिनात जाते आहे याचा आम्हा पोरांना फार आनंद होई. एरंडेल का, तर इंजिनाच्या प्रचंड उष्णतेतही त्याचा ओशटपणा टिकतो. पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या फिरत्या इंजिनातही तेच ओतत आणि वैमानिकांच्या अंगावर त्याचा फवारा उडे. इंजिन सुरू झाले, की जळक्या एरंडेलाचा वास शिवारभर पसरे. आजही कुठे तो वास आला तर आमचे गुडघे दुखणे थांबते.

पण इंजिन आले म्हणून रेडिओ आला असे नाही. विमान दोन बारीक पोलादी तारांना बांधलेले असे. मधे उभे राहून तारांची मूठ धरायची आणि विमान आपल्याभोवती वर्तुळात घरघरत फिरे. मूठ वर-खाली केली, की विमान वर-खाली. पायाखाली वर्तुळ आणि डोक्यात चक्कर. गणपतीच्या हलत्या देखाव्यात तारेवरून फिरणारे विमान असते ना, त्याचाच हा मोठा भाऊ. म्हाताऱ्या मंडळींना हे दोरीवरचे विमान जास्त पसंत होते. ‘गुरं बी दावणीला बांधलेली बरी,’ असे एकजण म्हणाले होते.

रेडिओवर विमान चालवण्याची विद्या तेव्हाही जगात जुनी झालेली होती. अमेरिकेत 1937 मध्येच बिनतारी नियंत्रणाच्या विमानांची स्पर्धा झाली आणि पुढच्या वर्षी वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांचे ‘गफ’ नावाचे विमान जिंकले. ते आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्या काळच्या यंत्रात आजच्यासारखी हवी तेवढीच सुकाणू वळवण्याची सोय नसे. बटण एकदा दाबले की सुकाणू एका बाजूला, पुन्हा दाबले की दुसऱ्या बाजूला, अशी पाळी असे आणि ती फिरवायला आत पुन्हा पिळलेले रबरच. खाली उभ्या माणसाला मागची पाळी कोणती झाली हे तोंडपाठ ठेवावे लागे. चुकले की डावीकडे जायचे ते उजवीकडे, आणि तिकडे झाड.

आमच्याकडे अडचण विद्येची नव्हती, परवान्याची आणि पैशाची होती. 1933 च्या बिनतारी कायद्याने साधा घरचा रेडिओ ठेवायलाही पोस्टात शुल्क भरून परवाना-पुस्तक घ्यावे लागे. ती पुस्तके अजूनही काहींच्या कपाटात असतील. मग संदेश पाठवणारे यंत्र बाळगायचे म्हणजे काय विचारता! आणि सीमाभाग म्हणजे तर आधीच सगळ्यांचे डोळे आपल्यावर. आमच्या घरात ‘बिनतारी’ हा शब्दच जरा आवाज खाली करून उच्चारला जाई. त्याला कारण होते.

1955 च्या नोव्हेंबरपासून गोव्याच्या सीमेवरच्या रानातून एक गुप्त रेडिओ बोलत होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोन तरुण माणसे आधी आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या जंगलात राहून कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत गोव्याच्या लोकांना बातम्या सांगत. ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे त्याचे नाव. सहा वर्षे हे चालले. साप, पाऊस, एकांत, आणि पकडले गेलो तर काय याची सतत धाकधूक. बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या रेल्वेने प्रवास करणाऱ्या आमच्या वडिलांच्या पिढीला, कॅसलरॉकच्या दाट झाडीत कुठेतरी माणसे बसून बोलत आहेत, हे मुक्तीनंतर कळले. दोघांनी पुढे लग्न केले. लिबियाबाईंना 2025 मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर, पद्मश्री मिळाली. आम्हाला विचाराल तर फार उशिरा मिळाली.

1961 च्या डिसेंबरात बेळगावचे रस्ते लष्करी गाड्यांनी भरले. मेजर जनरल कँडेथ यांची सतरावी डिव्हिजन इथूनच गोव्याकडे सरकली आणि हवाई दलाने पुणे व सांबरा हे तळ वापरले. 18 डिसेंबरला सकाळी कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली आणि हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. आमच्यातले जे तेव्हा शाळेत होते, त्यांना आठवते ते एवढेच: थंडीची सकाळ, अंगणातली शेकोटी, आणि आवाज आधी की विमान आधी यावर झालेले भांडण. पुढच्याच दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. तेव्हा वामन आणि लिबिया हवाई दलाच्या विमानातून ध्वनिक्षेपक लावून गोव्यावर फिरले आणि गोवा मुक्त झाल्याचे वरूनच सांगत गेले. सहा वर्षे जमिनीखाली दडल्यासारखा राहिलेला आवाज शेवटी आभाळातून आला. रेडिओ आणि विमान यांची याहून चांगली जोडी आम्ही ऐकलेली नाही.

पुन्हा खळ्याकडे जाऊ. हिवाळाच का, याला शिवारातले उत्तर असे. पावसाळ्यात चिखल आणि वारा. उन्हाळ्यात दुपारी भोवऱ्या उठतात, त्या विमानाला पालापाचोळ्यासारखे फिरवतात. मार्गशीर्ष-पौषात सकाळी सात ते नऊ हवा अशी स्तब्ध असते, की चुलीचा धूर सरळ वर जातो. बेळगावच्या बाजूला भात निघालेले असते आणि त्या ओलीवर मसूर नाहीतर वाटाणा पेरलेला असतो, त्यामुळे बांधाबांधाने चालावे लागते, पण वर आभाळ मोकळे. निपाणीकडे तंबाखू उभी असते. तंबाखूच्या पानावर काही पडणे म्हणजे मालकाच्या काळजावर पडणे, कारण फाटक्या पानाचा भाव पडतो. आणि ऊस असेल तर विचारूच नका. उसात पडलेले विमान म्हणजे नदीत टाकलेला खडा. आवाज येतो, जागा दिसते, आणि आत शिरल्यावर दहा पावलांत दिशाच हरवते. वर पाचोट्याने हात-तोंड चिरते ते वेगळेच.

एकदा आमचे तारेवरचे विमान तार तुटून सांबऱ्याच्या बाजूला एका खळ्यावर वाळत घातलेल्या मसुरीत जाऊन पडले. एरंडेलाचा आणि रॉकेलचा शिडकावा सगळ्या धान्यावर. मालक म्हातारे होते. आम्ही पळालो नाही, हे आमच्या बाजूने नोंदवून ठेवतो. त्यांनी विमान उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “ह्ये तुमी केलासा? घरात?” आम्ही हो म्हटले. “मग बसा हितं. खराब झाल्याली मसूर निवडून काढायची.” सगळी दुपार आम्ही ती मसूर निवडत बसलो. निवडता निवडता त्यांनी सांगितले, की लढाईच्या वक्ताला पट्टी झाली तेव्हा त्यांच्या वडिलांची जमीन तिच्यात गेली. “आमच्या रानावर तेव्हापास्नं विमानंच पिकत्यात. तुमचं एक बारकं आलं म्हणून काय रागवायचं,” असे म्हणून ते हसले आणि आम्हाला भाकरी आणि खर्डा दिला. ते हसणे तेव्हा आम्हाला नुसते हसणे वाटले होते.

पोराच्या प्रश्नात थोडे शास्त्रही आहे, तेही सांगून टाकू. थंड हवा घट्ट असते आणि घट्ट हवा पंखाला जास्त उचलते. गोठलेल्या सिमकोवर शून्याखाली दहा अंशांना घनमीटरभर हवेचे वजन साधारण 1.31 किलो भरते. सांबऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 758 मीटर, त्यामुळे आपली हवा मुळातच विरळ. डिसेंबरच्या सकाळी पंधरा अंशांना ती साधारण 1.12 किलो भरते आणि चैत्रातल्या दुपारी छत्तीस अंशांना 1.04. म्हणजे तेच विमान, तोच वेग, पण कॅनडातल्या हिवाळ्याच्या मानाने आपल्या उन्हाळ्यात पाचवा हिस्सा उचल कमी. पोराला फायदा हवेचा, पण त्याची बॅटरी गारठून लवकर मान टाकते आणि हातमोजे घालून काड्या हलवता येत नाहीत, काढले तर बोटे बधिर होतात. आमच्या बोटांना एरंडेल होते, थंडी नव्हती. तेव्हा हिशेब बरोबरीचा झाला असे म्हणायला हरकत नाही.

रेडिओ आमच्याकडे खऱ्या अर्थाने आला तो आमचे केस पिकल्यावर. जुन्या यंत्रांत दोघांची वारंवारिता एकच निघाली, तर एकाने बटण दाबताच दुसऱ्याचे विमान कोसळे. म्हणून मैदानात पाटी ठेवून आपापल्या क्रमांकाची खुंटी उचलायची पद्धत असे. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या यंत्रांना 2005 मध्ये परवान्यातून सूट मिळाली, नवे संच आपली वारंवारिता आपणच शोधू लागले आणि खुंट्या संपल्या. इंजिनाच्या जागी विजेची मोटर आली, एरंडेल गेले. पंखांसाठी मखराचे उरलेले थर्मोकोल पोरे वापरू लागली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांची मखरे गोळा करायची जी धांदल असे, ती आम्ही पाहिली आहे. पुढे थर्मोकोलवर निर्बंध आले. ते योग्यच झाले, पण एका पिढीचे विमान-लाकूड गेले.

याच काळात रस्त्यावर दुसरेच काही घडत होते. उद्यमबागेत वर्षानुवर्षे ओतकाम आणि लेथकाम करणाऱ्या हातांनी बेळगावला यंत्रभागांचे गाव केले होतेच. मग निपाणीहून बेळगावला येताना महामार्गावर हत्तरगी लागते, तिथे एक्वस कंपनीचे विशेष आर्थिक क्षेत्र उभे राहिले. आज तिथे विमानाचे भाग घडवले, कापले आणि त्यांच्यावर प्रक्रिया केली जाते, आणि ते एअरबससारख्या कंपन्यांच्या विमानांत जाऊन बसतात. ज्या पोरांच्या आजोबांनी सांबऱ्याचे पहिले विमान बैलगाडीतून पाहिले, त्यांतली काही नातवंडे आज तिथे मोजपट्टीच्या शंभराव्या हिश्शाच्या हिशेबात काम करतात. सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे. 2017 मध्ये विमानतळाला नवी इमारत मिळाली आणि 2019 पासून कोल्हापूरच्याच उद्योगसमूहाची स्टार एअर तिथून उडू लागली. दोन्ही टोकांची धावपट्टी अशी पुन्हा जोडली गेली.

मात्र छोट्या विमानाला जागा उरलेली नाही. 2021 च्या ड्रोन नियमांत हौशी विमानांसाठी वेगळी, सोपी व्यवस्था आहे: पंचवीस किलोपर्यंतचे, शिक्षणासाठी नाहीतर करमणुकीसाठी उडवलेले, आणि डोळ्यांना दिसत राहील एवढ्याच अंतरात. पण विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरपर्यंत परवानगीशिवाय काही उडवता येत नाही, आठ ते बारा किलोमीटरमध्ये दोनशे फुटांपर्यंत मुभा आणि त्यापलीकडच्या मोकळ्या टापूत चारशे फूट. सांबरा, बाळेकुंद्री, मुतगा, बसवण कुडची, ही आमची सगळी जुनी शिवारे धावपट्टीच्या अगदी कुशीतली. हा नियम आम्हाला मान्य आहे. दोनशे माणसे बसलेल्या विमानासमोर आमची हौस ती काय! जिथे नियमाने मोकळीक आहे तिथे प्लॉट पडले आहेत. वडगाव-येळ्ळूरच्या बाजूचे, बासमती आणि मसुरीचे काळेभोर शिवार हलगा-मच्छे बायपासने चिरले जाऊ नये म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले. आम्हीही त्यांच्याबरोबर एक-दोनदा उभे राहिलो. तिथे भाषणे झाली, पण आम्हाला आठवत होती ती मसूर निवडलेली दुपार आणि त्या म्हाताऱ्याचे हसणे. ते हसणे काय होते ते आम्हाला चाळीस वर्षांनी कळले.

जानेवारीत आता शहरात पतंगांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. परदेशी मंडळी घराएवढे मासे आणि वाघ आभाळात उडवतात. गर्दी लोटते, पोरे खूश असतात, आम्हीही जातो. एका कडेला कोणीतरी फोमचे विमान उडवत असतो. आम्ही पतंग सोडून तिकडे उभे राहतो आणि न विचारता सल्ले देतो.

सिमकोच्या पोराला आम्ही उत्तर पाठवले ते असे: पट्ट्या छान केल्या आहेस, नाक किंचित जड कर. आणि एक फोटो जोडला. उसात हरवलेले आमचे एक विमान. फड तुटला तेव्हा तोडकऱ्यांना सापडले, पाचटात अडकलेले, कागद गळून गेलेला, नुसत्या बांबूच्या कामट्या आणि ट्यूबचे रबर. मालकाच्या नातवाने ते अजून गोठ्यातल्या खुंटीला टांगून ठेवले आहे.